जाधवबाईंची उलटतपासणी

आमच्या शेजारच्या जाधवबाई कधी ‘हो’ म्हणत नाहीत. ‘नोंद घेतली’ म्हणतात. कचरेवाल्याने बेल वाजवली की आतून आवाज येतो, “नोंद घेतली!” भोईवाड्याला कोर्टात त्या तीस वर्षं स्टेनो होत्या. निवृत्तीनंतर कोर्ट घरी आलं, एवढंच.

मागच्या वर्षी बाईंनी घरातच स्वतःचा ईमेल सर्व्हर उभारायला घेतला. साबणाच्या डबीएवढा कॉम्प्युटर फ्रिजवर ठेवला, स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, घेतलं आणि मला साक्षीदार नेमलं.

“बाई, ईमेल तर फुकट मिळते.”

“दुसऱ्याच्या दारातून मी पत्र टाकत नाही.”

“पण मला यातलं ओ की ठो कळत नाही.”

“साक्षीदाराने फक्त पाहायचं असतं.”

रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की बाई दारात हजर. “फोन काढ. आलं?”

“आलं. पण स्पॅममध्ये.”

केस उगवण्याच्या तेलाच्या जाहिरातीखाली आपलं पत्र पाहून बाईंचा चेहरा पडायचा.

मग त्यांना शोध लागला, की पत्र खरंच आपल्या घरून निघालंय हे जगाला पटवायला डोमेनच्या नावावर काही नोंदी कराव्या लागतात. मला त्यांनी त्या समजतील अशा सांगितल्या. पहिली वकालतनामा, म्हणजे आपल्या वतीने कोणत्या मशीनने पत्र पाठवायचं ते. दुसरी सही. तिसरी हुकूम: या दोन्हींशी न जुळणारा तोतया आला, तर त्याला स्पॅममध्ये टाका. नोंद केली तरी जगभर पोचायला वेळ लागे. बाई म्हणायच्या, “तारीख पडली.”

चौथी नोंद उलटी. मशीनच्या नंबरावरून नाव सांगणारी. ती इंटरनेटवाल्यानेच करायची असते. बाईंनी त्याला गाठलं, मलाही सोबत नेलं.

“मॅडम, घरी कोण सर्व्हर लावतं?”

“मी. आता उलटतपासणी मी घेते.”

तासाभरात त्याने घाम पुसत नोंद करून दिली.

दुसऱ्या दिवशी पत्र थेट माझ्या इनबॉक्समध्ये! बाईंनी अर्धा पेढा दिला.

“अर्धाच?”

“खरा निकाल नागपूरला लागायचाय.”

नागपूरला त्यांचा धाकटा भाऊ, मिलिंद. सहा वर्षांपूर्वी बाईंनी त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका शुद्धलेखनाच्या अकरा चुका लाल पेनाने सुधारून त्याला परत पाठवली होती. तेव्हापासून तो फोन उचलत नाही. बाई दर महिन्याला त्याला ईमेल लिहितात. उत्तर येत नाही. “स्पॅममध्ये जात असणार,” असं त्या म्हणायच्या.

त्या दिवशी मिलिंदला पत्र गेलं. आठवडा झाला. महिना झाला. नागपूरच्या उत्तराची काही खबर नव्हती. बाईही माझ्याकडे आल्या नाहीत.

मग एका संध्याकाळी दार वाजलं. “फोन काढ. आलं?”

इनबॉक्समध्ये नव्हतं. मी शोधलं. “बाई, परत स्पॅममध्ये गेलंय!”

“नक्की?” त्यांचा चेहरा एकदम हलका झाला.

मला चैन पडेना. त्यांच्या घरी जाऊन स्क्रीन पाहिली. हुकूम होता. त्याच्या वरच्या दोन ओळी नव्हत्या.

“वकालतनामा आणि सही कुठे गेली?”

“काढली मी.”

“मग मिलिंदभाऊंना पत्र पोचणार कसं?”

बाईंनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा लावला.

“नाहीच पोचत रे त्याला, स्पॅममध्ये जातं,” त्या म्हणाल्या, आणि ‘प्रिय मिलिंद’ टाइप करू लागल्या.