अपघातमुक्त एक हजार सत्तावन्न दिवस

कोणताही खेळ मुळात धोकादायक नसतो. तो खेळायला घेतला की होतो. हे सत्य जगात सर्वप्रथम ओळखलं ते सूर्यकांत देवस्थळी यांनी.

सूर्यकांत वीस वर्षं आखातातल्या रुवैसच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. शनिवार-रविवार खलिफा सिटीत, बायकोमुलाजवळ. मुलगा सिद्धांत तिथल्याच एका कॉलेजात. त्या कॉलेजला अमेरिकन फुटबॉलसाठी शनिवार-रविवारपुरता कोच हवा होता. अर्ज चार आले. त्यांत स्वतःचं हेल्मेट असलेले हे एकटेच. (हेल्मेट कारखान्याचं होतं, पण निवड समिती इतक्या खोलात शिरली नाही.)

कामाला लागण्याआधी त्यांनी इतिहास वाचला. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कॉलेजांत या खेळापायी पोरं खरोखर मरत, आणि कोच मंडळी तक्त्यात फक्त जिंकलो-हरलो एवढंच लिहीत. सूर्यकांतना गहिवरून आलं. त्यांनी तक्त्यात तिसरा रकाना आखला, 'जखमी', आणि तो रिकामा ठेवण्याचा चंग बांधला.

पद्धत सोपी होती. सरावाआधी चाळीस मिनिटं सुरक्षेवर व्याख्यान. चेंडू हाती घ्यायला परमिट, पळायला वेगळं परमिट, दोन्हींवर कोचची सही. कुणाला धडकायचं असल्यास चोवीस तास आधी लेखी कळवायचं. तीन वर्षांत सामने शून्य, पराभव शून्य, जखमी शून्य. फाटकावर पाटी: 'अपघातमुक्त १०५७ दिवस'. पालक पाटीशेजारी मुलांचे फोटो काढत. परदेशी प्रवेशाच्या अर्जाला ते उपयोगी पडत.

मग एके दिवशी प्राचार्य म्हणाले, "सूर्यकांतजी, एक तो मॅच खेलो. नहीं तो टीम खलास!"

रास अल खोरच्या गोदामांत काम करणाऱ्यांची टीम आली आणि चक्क परमिटाशिवाय पळू लागली. बेचाळीस-शून्य. शेवटच्या मिनिटाला चेंडू चुकून सिद्धांतच्या हातात पडला. पुढे मैदान मोकळं, आणि हा जागच्या जागी उभा.

"बाबा, कॅन आय रन?"

सूर्यकांतनी खिसे चाचपले. पेन नव्हतं. गोदामवाले अंगावर येत होते.

"पळ रे! यल्ला, पळ! सही नंतर करतो!"

सिद्धांत पळाला. वीस वर्षांत बापाने त्याला पळताना पहिल्यांदा पाहिलं. कोपरं बाहेर, जीभ दातांत, थेट आजोबांची ढब! रेषेपलीकडे तो तोंडावर आपटला. सहा गुण मिळाले, एक दात गेला. सूर्यकांतनी हेल्मेट हवेत उडवलं. ते नाचले, बायको शोभना नाचली, गोदामवालेही नाचले.

मग सूर्यकांतनी पाटीवरचा आकडा स्वतःच्या हाताने पुसून शून्य लिहिलं. इतका आनंद त्यांना कुठल्याच आकड्याने दिला नव्हता.

सोमवारी एकोणचाळीस पालकांनी त्यांना काढायची मागणी केली. ती तत्काळ मान्य झाली. जाता जाता त्यांनी टीमच्या प्रवेशअर्जात एक रकाना वाढवला, तो अजून कुणी काढलेला नाही.

आता नवा कोच आहे, पाटीवर दिवस चढताहेत, थोड्या जागा शिल्लक आहेत. आपणही पाल्याचा अर्ज भरू शकता. शेवटचा रकाना तेवढा नीट वाचावा: 'पाल्य पळताना कसा दिसतो?'

(पाहिलं नसल्यास रेघ ओढावी. बहुतेक पालक ओढतात.)