मुकादमाचा लाल पंचा

मुलांनो, हल्ली तुम्हा चौघांची खुशाली एकटी सई कळवते. परवा तिचा आवाज फार दमलेला वाटला. म्हणून अरुणआजोबांविषयी लिहिते.

माझे हे धाकटे दीर चहाच्या आधी भेटेल त्याला विचारायचे, "आज चार्ज किती?"

ते कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. मोबाईल नुकते आले होते तेव्हा त्यांनी आमच्या नारायणगावच्या द्राक्षबागेत मातीची ओल मोजणाऱ्या बिनतारी डब्या बसवल्या. प्रत्येक डबीने थेट घरापर्यंत हाक मारली की बॅटरी भराभर उतरे. म्हणून भाऊजींनी त्यांच्या टोळ्या केल्या. डब्यांनी आपल्या टोळीच्या मुकादम डबीला हळूच सांगायचं आणि झोपायचं. मुकादमाने सगळ्यांचं मिळून एकदाच घरी कळवायचं. पण मुकादमकी एकीच्याच गळ्यात राहिली तर ती आधी मरते, म्हणून जिचा चार्ज जास्त तिच्याकडे ती जाई.

हाच कायदा घरात आला. सकाळी ज्याचा चार्ज जास्त, तो त्या दिवसाचा मुकादम. मुकादमाच्या खांद्यावर लाल पंचा. पाहुणे, फोन, दूधवाला, सगळं त्याच्याकडे.

बागेत कामाला येणारी शेवंता म्हणे, "मला नगा इचारू, सायेब. मी कालच संपले!"

तुमचे आजोबा रोज पाचच टक्के सांगत.

"दादा, तुझी बॅटरी लग्नापासून उतरलेलीच," भाऊजी म्हणत.

मग तुमच्या पणजी अंथरुणाला खिळल्या. औषधं, डॉक्टर, नणंदांचे फोन, सगळं माझ्यावर आलं. एका सकाळी भाऊजींनी माझ्या खांद्यावरचा पंचा काढून घेतला. "वहिनी, झोपा. डबीसुद्धा झोपते."

दुसऱ्या दिवशी मी पंचा मागितला. "माझा चार्ज फुल्ल आहे," ते म्हणाले. तिसऱ्या दिवशीही फुल्ल. दुपारी पाहते तर आईंच्या उशाशी बसल्या बसल्या भाऊजींचा डोळा लागलेला, हातात पेजेचा चमचा तसाच. एकटा जीव. घरभर विचारत हिंडणाऱ्या या माणसाला आम्ही कधीच काही विचारलं नव्हतं.

"भाऊजी, खरा चार्ज किती?"

ते दचकून जागे झाले. चमचा वाटीत ठेवला. "कमी आहे, वहिनी," म्हणाले आणि पंचा उतरवला.

तो तुमच्या आजोबांनी उचलला. टक्के न सांगता.

या रविवारी फोन सईने करायचा नाही. बाकीच्या तिघांनी आपसात ठरवा, आणि आधी तिला तिचा चार्ज विचारा.

भाऊजी आता नाहीत. डब्या केव्हाच बंद पडल्या. पंचा विटलाय, पण स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अजून आहे.