ओढीला लागलेलं बेट

आम्ही पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी बेट जागचं हललं आणि तिथल्या सरकारनं आणीबाणी जाहीर केली.

धक्का वगैरे काही बसला नाही. नाश्त्याच्या वेळी समोरच्या खिडकीतून येणारं ऊन मागच्या खिडकीतून आलं, एवढंच. थोड्या वेळानं पांढऱ्या गणवेशातल्या एक सुरक्षा अधिकारी बाई हॉटेलात आल्या. त्या इंग्रजीत बोलत आणि आमच्या टूरचा मॅनेजर निनाद ते मराठीत सांगे.

"पर्यटकांनी घाबरू नये. या बेटाला बूड नाही. माणसांचं मन जिकडे ओढ घेतं, तिकडे ते सरकतं. सहसा वीतभर सरकतं आणि थांबतं. या वेळी मात्र ईशान्येला सुसाट निघालंय. तिकडे तुमचं काय आहे?"

आम्ही सगळे रत्नागिरीचे आणि महिना मे. तिकडे आमचं दुसरं काय असणार? आढी होती. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून ऐन आंब्यात परदेशी निघणारे शहाणे आम्हीच. घरोघरी गवतात आंबे घातलेले आणि चाळायला मागे कुणी नाही. वरवर सगळे समुद्राचे फोटो काढत होते, पण जीव गवतात अडकलेला.

बाईंनी नियम सांगितले. बेट थांबेपर्यंत विमान उतरणार नाही. तोवर सुरक्षेसाठी एकाही पर्यटकाला बेटाबाहेर नेलं जाणार नाही. आणि घराची आठवण काढायची नाही.

परमुलखात घरचं जेवण मिळालं की माणूस रमतो, असा निनादचा अनुभव. त्यानं बरोबर आणलेलं कुळथाचं पीठ काढून पिठलं-भात करायला लावला. पहिल्या घासाला बेटाचा वेग दुप्पट झाला. बाईंनी पिठल्यावर बंदी घातली.

चार दिवस असेच गेले. शेवटी आंबा बागायतदार नागवेकरांनी छातीवर दगड ठेवून शेजारी फोन लावला. "काढा माझी आढी आणि खा मेल्यांनो. आमची वाट बघू नका." फोन ठेवला आणि ते घळाघळा रडले. मग एकेकानं तसाच फोन केला; आमच्या घरचा फोन मी भावजयीवर सोपवला. संध्याकाळी बेट थांबलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपायच्या आत बेट वळलं आणि नैर्ऋत्येला चालू लागलं.

बाई नकाशा घेऊन आल्या. "या दिशेला जमीनच नाही. नुसता समुद्र. इकडे कुणाचं काय आहे?"

"माझं आहे," यमुवहिनी म्हणाल्या.

यमुवहिनी माझी भावजय. माझा थोरला भाऊ मालवाहू जहाजावर खलाशी होता. ते जहाज माणसांसकट बेपत्ता झालं. कुठे, ते कंपनीलाही सांगता आलं नाही. तेव्हापासून वहिनी घराच्या पायरीवर समुद्राकडे तोंड करून बसतात. तांदूळ निवडायचे तरी तिथे, भांडायचं तरी तिथे. मंगळसूत्र गळ्यात आहे. दर वर्षी पहिला आंबा त्या भावासाठी बाजूला ठेवतात आणि तो कुजला की न बोलता टाकून देतात. इतके दिवस आमच्या आढ्यांच्या ओढीपुढे त्यांची ओढ बेटाला जाणवली नव्हती.

"यांना थांबायला सांगा," अधिकारी बाई म्हणाल्या. "इतरांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे."

"मला थांबता आलं असतं तर कधीच थांबले नसते का गो?" वहिनी म्हणाल्या. "मला माहीत नव्हतं तो कुठे आहे. या बेटाला माहीत आहे. आता मला परत फिरवू नका."

बाईंनी वहिनींना बोटीत बसवून दूर न्यायचं ठरवलं. तेवढ्यात नागवेकर उठले. गंजिफ्रॉकवरच होते.

"निनाद, त्यांना सांग, आणीबाणीत एकाही पर्यटकाला बेटाबाहेर न्यायचं नाही. नियम त्यांचाच आहे."

बाईंनी विचार केला. नियम खरंच त्यांचाच होता. त्या खुर्ची ओढून वहिनींच्या शेजारी बसल्या.

बेट रात्रभर चाललं. सकाळी भर समुद्रात ते आपोआप थांबलं. आजूबाजूला काहीच नव्हतं. पाणी इतर ठिकाणी असतं तसंच होतं.

वहिनींनी पिशवीतून जुन्या पातळात गुंडाळलेला आंबा काढला. निघताना हिरवा होता, आता पिवळाधमक झाला होता. त्या गुडघाभर पाण्यात गेल्या. काय बोलल्या ते लाटांमुळे ऐकू आलं नाही आणि मी ऐकायला पुढेही गेलो नाही. मला भावाची फार आठवण आली. मग त्यांनी आंबा पाण्यात सोडला. खाऱ्या पाण्यात पिकला आंबा तरंगतो, हे आमच्याकडे पोरंही सांगतील. हा सरळ खाली गेला.

"पोचला," वहिनी म्हणाल्या.

त्या पाण्यातून बाहेर आल्या आणि त्यांनी लुगड्याचा काठ पिळला. "भावोजी, आपली आढी राहिलीय हो चाळायची. मी कुणाला फोन केला नव्हता."

बेट हळूच वळलं. दिशा बघायला नकाशा लागला नाही. अधिकारी बाईंनी पाहिलं, पण नियम काही वाचून दाखवला नाही. उलट निनादला विचारलं, ते पिठलं उरलंय का.

जेवायला बोलवायला मी किनाऱ्यावर गेलो. वहिनी वाळूत तांदूळ निवडत बसल्या होत्या, समुद्राकडे पाठ करून.