लिंबाजीचे पट्टे

लिंबाजी माणसाच्या तोंडाकडे बघतच नसे. त्याची नजर आधी कमरेवर जायची. हिंगोलीच्या शाळेत मी मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा त्यानं माझं नावगाव काही विचारलं नाही. "अठ्ठावीस," एवढंच म्हणाला. मग माझा विकतचा पट्टा सोडायला लावून उलटा केला आणि असा चेहरा केला, की दुसऱ्या दिवसापासून मी तो घातलाच नाही.

बाजाराच्या टोकाला त्याचं दुकान. दुकान म्हणजे एक लिंबाचं झाड, एक दगड आणि तो. वरून म्हशीचं जाड कातडं आणि आतून शेळीच्या मऊ कातड्याचं अस्तर, असा पट्टा तो करायचा. अस्तर चिकटवून, शिवून झालं की खरा छळ सुरू. दोन्ही कातडी एकजीव दिसेपर्यंत कड रापीनं तासायची, पाणी लावून शिंगाच्या तुकड्यानं घासायची, वर मेण चोळायचं. मग ती कड तो स्वतःच्या गालावरून फिरवायचा. जरा खरखरली की म्हणायचा, "बोलून राहिली अजून." कड गप्प झाल्याशिवाय पट्टा गिऱ्हाइकाला मिळत नसे. माझी गप्प व्हायला पावणेदोन महिने लागले. तेवढे दिवस मी धोतर नेसून शाळेत गेलो. आतली बाजू कोण बघतंय, असं मी एकदा त्याला म्हणालो. बघत कुणीच न्हाई, पण लागतं आतलंच, असं त्याचं उत्तर.

एकदा ठाण्याच्या अमीनसाहेबांना, म्हणजे फौजदारांना, पट्टा तातडीनं हवा होता. वरचे साहेब तपासणीला यायचे होते. कड ओली हाय, आज देत न्हाई, असं लिंबाजीनं सांगितलं. अमीनसाहेबांनी त्याला दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं. संध्याकाळी येऊन बघतात तर तीन शिपाई एका हातानं पाटलोण धरून उभे, आणि लिंबाजी त्यांच्या पट्ट्यांच्या कडा तासत बसलेला. साहेबांनी त्याला घरी जायला सांगितलं. तो जाईना. तिसरा पट्टा अर्धवट होता.

घरचं तो कधी बोलत नसे. त्याची बायको सरूबाई दोनेक वर्षांत कुणाला दिसली नव्हती. अशा माणसापाशी कोण नांदणार, माहेरी निघून गेली असेल, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं.

निजामाचं राज्य जायच्या आधीचे ते महिने वाईट होते. जाळपोळीच्या भीतीनं लोक हद्द ओलांडून वाशीमकडे जाऊ लागले. मी आणि माझ्या बायकोनंही बैलगाडी ठरवली. कनेरगावच्या अलीकडे लिंबाजी पायी चाललेला दिसला. पाठीवर सरूबाई होती. तिचं डावं अंग वाऱ्यानं गेलेलं. तिच्यासाठी त्यानं कातड्याची रुंद बैठक केली होती आणि ती दोन पट्ट्यांनी स्वतःच्या खांद्यांना अडकवली होती.

मी त्याला गाडीत या म्हटलं. गाडीचे हिसके तिला सोसत न्हाईत, तो म्हणाला. मग पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघून हळूच बोलला, "मास्तर, बाईंना जरा उतरू द्या. हिच्या गुडघ्यामागं कातडं काचलंय का, बघू द्या. मला मागचं दिसत न्हाई."

माझी बायको उतरली. तिनं लुगड्याआड हात घालून बघितलं. कुठं वळसुद्धा उठला नव्हता. तसं तिनं सांगितल्यावर लिंबाजीनं मान हलवली.

ती परत वळणार, एवढ्यात सरूबाईनं चांगल्या हातानं तिचा पदर धरला. तिचे शब्द नीट उमटत नव्हते. "ह्यांचा खांदा बघा. सांगत न्हाईत."

सदरा रक्तानं चिकटला होता. त्या दोन पट्ट्यांना अस्तर नव्हतं. कातडं पुरलं न्हाई, असं काहीतरी तो पुटपुटला. बायकोनं जुनं लुगडं फाडून पट्ट्यांखाली घड्या सरकवल्या. घड्या बसल्यावर तो चालू लागला.

आमच्या गाडीवानाला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं वाशीमपर्यंत बैल त्या दोघांच्या मागंच ठेवले.