आप्पांचा अँटेना आन् माझा पत्रा

आमच्या शेजारचे आप्पा चहा मागताना पण 'ओव्हर' म्हणतात. "साखर कमी टाक, ओव्हर." मग गप्प. समोरच्यानं उत्तर दिल्याशिवाय पुढचा शब्द न्हाई. भाजीवाला तर लांबूनच हात जोडतो.

आप्पा दौंडला मालगाडीवर गार्ड होते. रिटायर झाल्यावर त्यांनी आन् त्यांचे ड्रायवर काशिनाथमामा, दोघांनी परीक्षा देऊन वायरलेसचं लायसन काढलं. मामा नदीपलीकडं, शिरूर तालुक्यात मांडवगणला राहतात. दोघांकडं एकेक हातातला सेट, पाच वॅटचा. "तुमचा झिरोचा बल्ब पण ह्याच्यापेक्षा जास्त खातो," आप्पा सांगतात. मग आवाज एवढ्या लांब जातो कसा? तर अँटेना. पडद्याच्या जुन्या नळ्या कापून केलेला, माशाच्या काट्यासारखा, गच्चीवर बांबूला बांधलेला, तोंड मांडवगणकडं. पावर वाढवा म्हटलं की चिडतात. "वॅट नको, उंची दे. मधी काय आडवं येऊ देऊ नको. बास."

रोज संध्याकाळी सहाला: "ड्रायवर, गाडी ऑल राईट? ओव्हर." पलीकडून, "ऑल राईट, गार्ड." मग कांद्याचं, गुडघ्याचं.

"आप्पा, फोन लावा की," मी एकदा म्हटलं. त्यांचा मोबाईल कायम बंद, तांदळाच्या डब्यात.

"फोनवर दोघं एकदम बोलत्यात. आन् तीस वर्षं तो इंजिनात, मी शेवटच्या डब्यात. समोरासमोर बसलो तर आम्ही नुसता चहा पितो."

मला हे लय भारी वाटलं. लगेच ग्रुपवर टाकलं, सगळे हसले.

मग माझं घरून काम सुरू झालं आन् मी आमच्या गच्चीवर पत्र्याची खोली टाकायला घेतली. आप्पा कुंपणापाशी आले.

"पत्रा किती फूट, ओव्हर?"

"दहा."

"आठ न्हाई जमायचा?"

"डोकं आपटंल की माझं." मी हसत होते.

त्यांनी माझ्या उंचीकडं नीट बघितलं. "बरं. ओव्हर."

खोली झाली आन् सहाला नुसती खरखर. आप्पांनी महिनाभर बांबू फिरवला, नळ्या बदलल्या, टाकीवर चढून काकूंच्या शिव्या खाल्ल्या. मला एक शब्द न्हाई. महिन्यानं माझी ट्यूब पेटली. त्यांचा अँटेना आन् मांडवगण, बरोबर मधी माझा पत्रा.

रविवारी मीच तो बांबू माझ्या पत्र्यावर उभा केला, आधीपेक्षा उंच. आप्पा शर्ट इन करून वर आले. "ड्रायवर, गाडी ऑल राईट? ओव्हर."

आवाज इतका साफ की पलीकडची कोंबडी ऐकू आली. बोलल्या मात्र मामी. "आप्पा, मंगळवारी ह्यांना झटका आला. वाचा गेली. फोन लावला तर तुमचा बंद. त्याआधी महिनाभर सहाला सेट घेऊन बसायचे, गार्ड का बोलंना म्हणायचे. आता ऐकू येतंय त्यांना. तुम्ही बोला."

आप्पांनी सेट दुसऱ्या हातात घेतला. कांद्याचं बोलले, गुडघ्याचं बोलले. पत्र्याचं न्हाई. शेवटी, "गाडी ऑल राईट? ओव्हर." आन् थांबले.

पलीकडून नुसतं बटण दाबल्याचा आवाज. खट. खट.

"ऑल राईट म्हणतोय," आप्पा मला म्हणाले. मी खाली बघत होते.

"पोरी, तुझ्या पत्र्यावरनं रेंज चांगली हाय. ओव्हर."

आन् माझ्या उत्तराची वाट बघत थांबले.