चौदा पंपांचा अहवाल

इंधन खात्याच्या साहेबांनी "फक्त चौदा पंप!" म्हणून टेबलावर हात आपटला, तेव्हा कोपऱ्यात इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकून बाईंनी झटकन मान वर केली.

प्रदूषणाच्या नव्या नियमांमुळे पेट्रोल किती महागलं, यावर दोन खात्यांचे दोन अभ्यास होते. इंधन खातं म्हणे, भरपूर. पर्यावरण खातं म्हणे, नावापुरतं. आजच्या सभेत फक्त एकमेकांच्या अभ्यासपद्धतीवर बोलायचं होतं. म्हणून बाईंनी दोन्ही अहवालांतलं तेवढंच प्रकरण छापून बांधलं होतं. इंधनचं निळ्या कव्हरात, पर्यावरणचं हिरव्या, असं ठरलं होतं. साहेबांच्या हातात हिरवी प्रत होती. पण चौदा पंपांचा अभ्यास तर इंधनवाल्यांचाच! कव्हरं उलटी लागली होती.

"चौदा पंपांवरून सगळ्या देशाचे भाव सांगता? निव्वळ थापा आहेत या," साहेब म्हणाले.

पर्यावरणच्या मॅडमनी निळी प्रत उघडली. "आणि तुम्ही? त्याच वर्षी कच्चं तेल स्वस्त झालं, ते हिशेबातच नाही. वाचून हसू येतं."

बाई उठल्या. नोकरी पक्की व्हायला दोन महिने उरले होते. तरी कव्हरं उलटी लागल्याचं त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

साहेबांनी प्रत हळूच पालथी ठेवली. मॅडम पेनाचं टोपण शोधू लागल्या.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "तीन वर्षं दोघांना विचारतोय, तुमच्या अभ्यासात उणीव काय? दोघांचं उत्तर एकच, काही नाही. बाई, आजचं सगळं लिहून घेतलंत?"

"शब्द न् शब्द, सर."

"मग एक अक्षर खोडू नका. नवा अभ्यास दोघं मिळून करतील. पंप वाढवा, कच्चं तेल धरा. आणि बाईंची नोकरी पक्की करायचा कागद माझ्याकडे पाठवा, आजच."

सभा संपल्यावर साहेब जिन्यात घुटमळत होते. "बाई, चूक तुमच्या लक्षात आली कशी?"

"मी दोन्ही अहवाल वाचलेत ना, साहेब."

साहेबांनी इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. "मग आमचा थोडक्यात सांगता का जरा?"

"थांबा," मागून मॅडम म्हणाल्या, "आधी आमचा."