शेवटचे तीन आकडे

जुन्या साइटवर एक्केचाळीस पानं होती. फोटो दोनशे बारा, त्यांतले एकशे त्र्याण्णव उघडत होते. अक्षरांचे सात प्रकार होते आणि त्यांतला एक कुणालाच वाचता येत नसे. हलणाऱ्या ज्वाळा चार. अगदी तळाशी, आजवर किती वेळा कुणी येऊन गेलं ते सांगणारा आकडा होता: तीन हजार एकशे अठरा. स्किरमांतेच्या अंदाजाने त्यांतल्या साधारण दोन हजार सहाशे वेळा ती स्वतःच आली होती, सगळं नीट चाललंय ना ते बघायला.

नऊ वर्षांपूर्वी, कॉलेजात असताना तिने ती उभी केली होती. लिथुआनियात जुन्या दैवतांना मानणारे, स्वतःला पेगन म्हणवणारे जे लोक आहेत, त्यांच्यासाठी. कुठल्या सणाला काय करायचं, गबियादेवीला, म्हणजे चुलीतल्या अग्नीला, मीठ कसं वाहायचं, सगळं तिथे होतं. फक्त सापडत नव्हतं.

एप्रिलात गिर्देनिसकाका चहाला आले. मंडळींच्या पूजा आणि अग्नीचं तेच बघत. त्यांनी वहीच उघडली. रासोसला, म्हणजे जूनमधल्या अयनाच्या सणाला, स्किरमांतेच्या गावच्या टेकडीवर गेल्या वर्षी चौदा जण आले होते. त्याआधी एकोणीस. यंदा तिसाच्या खाली आले, तर पुढच्या वर्षापासून अग्नी शहराजवळच्या मोठ्या टेकडीवर पेटेल, असं त्यांनी फार हळुवारपणे सांगितलं.

स्किरमांतेचं लग्न त्याच टेकडीवर लागलं होतं.

"माणसं कमी नाहीत, काका," ती म्हणाली. "साइट वाईट आहे. माणसं मी आणते."

जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत ती मातीचे नमुने तपासायची, त्यामुळे पसारा हा आवरायचाच असतो यावर तिचा पक्का विश्वास होता. सहा आठवड्यांत एक्केचाळीस पानांची सात झाली. ज्वाळा विझल्या. नव्या साइटला तिने एकच नियम घातला: प्रत्येक माहिती एकदाच लिहायची, आणि जिथे जिथे लागेल तिथे ती त्याच जागेवरून घ्यायची. तारीख एकदा, वेळ एकदा, टेकडीचे अक्षांश-रेखांश एकदा. नकाशाखाली एक चौकटही केली. परवानगी दिली की ती सांगायची, तुम्ही अग्नीपासून किती मीटरवर आहात, आणि ते नोंदवूनही ठेवायची. नवरा वाइदोतास याला ही चौकट इतकी आवडली की त्याने अंघोळीला जाऊनही अंतर तपासलं.

एकच गोष्ट खुपत होती. अक्षांश-रेखांशांत दशांशचिन्हापुढे पाच-पाच आकडे होते आणि फोनवर ती ओळ मोडत होती.

"काप की," वाइदोतास म्हणाला. "लोकांना टेकडीवर यायचंय, मुंगीच्या बिळात नाही शिरायचं."

तिने शेवटचे तीन-तीन आकडे काढले. नुसते कापले नाहीत, नियमाप्रमाणे जवळच्या आकड्यात बसवले. ओळ सुरेख बसली. नकाशावरची खूण त्याच आकड्यांवरून उमटते, हे तिच्या डोक्यात आलं नाही. वास्तविक नियम तिचाच होता.

खूण दोनशे ब्याण्णव मीटर वायव्येला सरकली आणि यानिनाबाईंच्या अंगणाच्या मधोमध जाऊन बसली.

यानिनाबाई निवृत्त पोस्टमास्तर. राहायच्या टेकडीच्या पायथ्याशी, एकट्या. रविवारी चर्चमध्ये गायच्या आणि दर वर्षी रासोसच्या दुसऱ्या दिवशी धुराबद्दल ग्रामकार्यालयात तक्रार द्यायच्या. आजवर नऊ तक्रारी झाल्या होत्या, सगळ्या क्रमांक घालून, शिवाय कार्यालय समोरच्याच गल्लीत असूनही पूर्ण तिकीट लावून. चोवीस जून हा त्यांचा नामदिन, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताचा दिवस. आदल्या संध्याकाळी यानिना नावाच्या बाईच्या फाटकाला ओकच्या पानांची माळ बांधायची आणि तिने आत बोलावून चीज आणि बिअर द्यायची, ही गावाची रीत. नोकरीत होत्या तोवर पार्सल लवकर मिळावं म्हणून का होईना, लोक माळा बांधून जात. गेली अकरा वर्षं फाटक कोरडं होतं.

तेवीस जूनला दुपारी स्किरमांतेने नोंदी उघडल्या. नकाशा एकशे सव्वीस वेळा पाहिला गेला होता. तिने वाइदोतासला आणखी दोन ढिगारे लाकडं वर न्यायला लावली.

संध्याकाळी सातला, लख्ख उन्हात, टेकडीवर सहा जण होते.

"मला धरून सहा," वही उघडत गिर्देनिसकाका म्हणाले.

"येतील. एकशे सव्वीस आहेत."

सव्वासातलाही सहाच होते. वाइदोतास लाकडांवर बसून म्हणाला की, एवढ्या सरपणात तो आणखी एक लग्न लावायला तयार आहे. स्किरमांतेने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती फोनवर स्वतःचंच अंतर बघत होती. ती अग्नीच्या खड्ड्याशी उभी होती आणि चौकट सांगत होती: दोनशे ब्याण्णव मीटर.

तेवढ्यात खालून, वायव्येकडून, रासोसचं गाणं ऐकू आलं. बऱ्याच गळ्यांचं.

उतरता उतरताच तिने काकांना दशांशांचा सगळा प्रकार सांगितला. मातीच्या अहवालात अशी चूक केली असती तर नोकरी गेली असती, हेही सांगितलं. काकांनी एवढंच विचारलं, की खालची माणसं कुणाची धरायची.

फाटकाला अकरा माळा होत्या. आत अडतीस माणसं, डोक्यावर फुलांचे मुकुट, हातात बिअर. कौनास शहराहून आलेलं पहिलंच कुटुंब फाटकालाच सणाच्या जागेची वेस समजून त्याला ओकची माळ बांधत होतं, तेवढ्यात यानिनाबाईंनी दार उघडलं होतं. "आलात? या," एवढंच म्हणाल्या होत्या. पुढच्यांनी पहिल्यांचं बघून बांधली. ही बाई म्हणजे साइटवाल्या मुलीची आई, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मधल्या लांब टेबलावर शहाजिरं घातलेल्या चीजचे गोल होते, आठ खाल्लेले आणि पाच शिल्लक. यानिनाबाई डोक्यावर ओकची पानं घालून टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या आणि गाण्यातला दुसरा आवाज कसा लावायचा ते कौनासवाल्यांना शिकवत होत्या.

स्किरमांते समोर जाऊन उभी राहिली. आता बोललं तर ही माणसं उठून टेकडीवर जाणार. नाही बोललं तर टेकडी जाणार. नमुन्यात काय निघालं ते सांगायचं असतं, ही सवय शेवटी जिंकली.

"यानिनाबाई, एक सांगायचंय. माझ्याकडून चूक झालीय. हे सगळे खरं म्हणजे—"

"चीज खा."

"पण हे लोक तुमच्या—"

"तू बोलताना खात नाहीस, म्हणून एवढी बोलतेस. खा आधी." त्यांनी मोठा तुकडा तिच्या हातावर ठेवला आणि तो गिळून होईतो वाट पाहिली. मग उठून टाळी वाजवली. "ऐका. विस्तव वर असतो, टेकडीवर. माझ्या अंगणात धूर चालत नाही. ग्लास परत ठेवायचे. चला."

आणि त्याच पुढे चालू लागल्या.

सूर्य मावळताना गबियाला मीठ वाहून झालं, तेव्हा गिर्देनिसकाकांनी दोनदा मोजलं. दोन्ही वेळा पंचेचाळीस. अग्नी तिथेच राहणार, असं लिहून त्यांनी वही मिटली. यानिनाबाई वाऱ्याकडच्या बाजूला बसल्या होत्या, तिथे धूर येत नव्हता. तरी डोळे पुसत स्किरमांतेला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आधी खाली, मग वर. आणि ती ओळ आहे तशीच राहू दे. वाचायला सुटसुटीत आहे."

दहावी तक्रार आली नाही.

शनिवारी स्किरमांते नोंदी तपासायला बसली. तेवीस जूनच्या दुपारपर्यंत नकाशा पाहिला गेला होता: एकशे सव्वीस वेळा. त्यांतल्या चौऱ्याऐंशी नोंदी एकाच फोनच्या. पहिली नोंद, चार जून. अग्नीपासून, म्हणजे नकाशावरच्या त्या सरकलेल्या खुणेपासून, अंतर चार मीटर.